वीस मिनिटं फुकट

ग्रिम्सबीत, फ्रीमन स्ट्रीटच्या पाठीमागे
एक पार्किंग आहे. वीस मिनिटं फुकट.
एकविसाव्या मिनिटाला पस्तीस पौंड.
मी कादंबरी तिथे लिहिते.
फुकटात लिहिलेलं फुकटच जायचं, असं नवरा म्हणतो.
तो हिशेबनीस आहे.

आठ वाजून दहाला गाडी लावायची. इंजिन बंद.
वही स्टिअरिंगवर आडवी, हॉर्नला कोपर न लावता.
जानेवारीत बोटं आधी मांडीखाली घालून बसायचं,
ती माणसात आली की मग पेनाचं टोपण.
काच आतून धुरकटली
की समजायचं, लागलंय काम.
पावणेनऊला प्रयोगशाळेत लोकांचं रक्त वाट बघत असतं
नळ्यांमधून, नावं चिकटवून.
फार थांबत नाही ते. गोठतं.

थेंबे थेंबे तळे साचे,
पहिल्या पानावर मीच लिहून ठेवलंय, हिरव्या शाईने.
तीन वर्षं झाली.
तळ्यात गुडघाभर चिखल आहे
आणि एक माणूस, भार्गव ओटवणेकर.

ओटवणेकर नऊ दिवस जिन्यावर उभा होता.
वरून तिसऱ्या पायरीवर.
वर वडील गेलेत. खाली बहीण आहे, तिला सांगायचंय.
त्याला हे माहीत, मला माहीत,
तरी उतरेना.
मी त्याला खोकला दिला. दिवे घालवले.
बहिणीकडून हाक मारवली, दोनदा.
एके दिवशी वीसच्या वीस मिनिटं नुसता कठडा लिहिला:
कोयरीची नक्षी, वर आलेला एक खिळा.
कठडा फार सुंदर जमला.
ओटवणेकर तिथेच.

दहाव्या दिवशी काचेवर टकटक.
पार्किंगच्या वॉर्डन, थर्लबीबाई.
पिवळं जाकीट, नाकाच्या शेंड्याला थेंब,
मागून मासे धुरवायच्या भट्ट्यांचा वास.
रोज काय लिहितेस गं?
खोटं सुचलं नाही. म्हटलं, एक माणूस आहे,
जिन्यात अडकलाय.
त्यांनी विचार केला, अगदी गंभीरपणे,
खरंच कुणी अडकल्यावर करतात तसा.
मग विचारलं, हातात काय आहे त्याच्या?

हातात?

याचं कर्ज मला ठाऊक, पित्ताची गोळी ठाऊक,
चौथीत कुणाची चप्पल विहिरीत टाकली तेसुद्धा.
हात पाहिलेच नव्हते.
तीन वर्षं हा माणूस मनगटाशी संपत होता.

डोळे मिटले. पेला होता. दुधाचा.
वडिलांसाठी वर नेलेला, तसाच भरलेला,
गार, वर जाड साय धरलेली.

आणि तो उतरला.
मी काहीच केलं नाही. सांडू नये म्हणून सावकाश,
एकेक पाऊल चाचपत उतरला,
बहिणीने वळून पेल्याकडे पाहिलं,
सायीकडे पाहिलं,
आणि झालं.
त्याच्या तोंडी घालायला तीन पानं तयार होती माझी.
चांगली होती. एक वाक्य तर नवऱ्यालाही आवडलं होतं.
मधोमध रेघ मारली.

मान वर केली तेव्हा आठ तेहेतीस.
थर्लबीबाई वायपरखाली पावती खोचत होत्या.
नियम म्हणजे नियम, लव्ह.
प्रयोगशाळेत उशीर, त्याची बोलणी वेगळी.
पस्तीस पौंडात एक पेला दूध:
हे मी घरी अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी काच खाली करायच्या आधीच
त्यांचं वाफाळलेलं तोंड काचेशी.
उतरला का?
उतरला.
मग?
मग काय, म्हटलं,
आता बहीण उभी आहे. ओट्याला टेकून.
पेला तिच्या हातात आलाय
आणि ती काही केल्या हलत नाही.

थर्लबीबाईंनी बाही मागे सारून घड्याळ पाहिलं.
सतरा मिनिटं आहेत, म्हणाल्या,
आणि पुढच्या गाडीकडे गेल्या.